संगणकाचे कॅबिनेट : पारख हवी अंतर्भागाची

सुट्या भागांची जुळणी करून संगणक तयार करून घेण्याची पद्धत देशातील मोठ्या शहरांमध्ये चांगलीच रुजलेली आहे. दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि बंगळुरूमधील एस. पी. रोड या बाजारपेठा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अशा खरेदीत प्रोसेसर आणि मेमरी यांची बारकाईने चौकशी होते. कॅबिनेट मात्र बहुधा शेवटी, उरलेल्या पैशांत आणि बाह्य रूपावरून निवडले जाते.

वास्तविक, मदरबोर्ड कालबाह्य झाल्यानंतरही चांगले कॅबिनेट पुढील संगणकासाठी उपयोगी पडते. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये आखून दिलेले एटीएक्स हे मानक आजही प्रचलित असल्यामुळे हे शक्य होते. या मानकानुसार पूर्ण आकाराचा मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, तर मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर चौरस असतो. कमी किमतीच्या अनेक कॅबिनेटमध्ये केवळ दुसऱ्या प्रकारचाच बोर्ड बसतो.

बाजूचे झाकण काढल्यावर प्रथम पत्रा पाहावा. सांगाडा दोन कोपऱ्यांत धरून हलकेच पिळला असता वाकत असेल, तर मदरबोर्डची छिद्रे जुळण्यास अडचण येते आणि हार्ड डिस्कच्या कंपनांचा आवाजही वाढतो. पत्र्याच्या कडा आत दुमडलेल्या असाव्यात. तशा नसल्यास जुळणी करताना बोटे कापतात. मदरबोर्ड ज्या लहान पितळी खांबांवर बसतो, ते छिद्रांच्या जागीच असावेत. चुकीच्या जागी राहिलेला एखादा खांब बोर्डच्या मागील बाजूस टेकून शॉर्ट सर्किट घडवू शकतो.

दुसरा मुद्दा हवेचा. साधारणपणे पुढील बाजूने थंड हवा आत येते आणि मागील व वरच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते. पुढील भाग सलग काचेचा असेल आणि कडेला अरुंद फटीच असतील, तर पंखे कितीही असले तरी त्यांना पुरेशी हवा मिळत नाही. खोलीचे तापमान ४० अंशांवर असताना आतील हवा त्याहून थंड असू शकत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःहून कमी करतो. म्हणजेच, पैसे मोजून घेतलेली क्षमता ऐन उन्हाळ्यात हाती लागत नाही. त्यामुळे पुढे जाळी, तिच्यामागे काढून धुता येणारी धूळगाळणी आणि मागे १२० मिलिमीटरचा एक पंखा, इतकी व्यवस्था असणे इष्ट ठरते.

जागेचे मोजमापही आवश्यक असते. मोठी ग्राफिक्स कार्डे ३०० मिलिमीटरहून लांब असतात, तर प्रोसेसरवर उभे बसणारे अनेक कूलर दीडशे मिलिमीटरपेक्षा उंच असतात. मदरबोर्डच्या तळपत्र्यामागे सुमारे दोन सेंटिमीटर मोकळी जागा असल्यास केबल तिकडून नेता येतात आणि हवेचा मार्ग मोकळा राहतो.

काही स्वस्त कॅबिनेटसोबत वीजपुरवठा करणारा एसएमपीएसही त्याच किमतीत दिला जातो. त्यावरील मोठ्या अक्षरांतील वॅटचा आकडा पुरेसा नसतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड प्रामुख्याने १२ व्होल्टवर चालतात. म्हणून लेबलवर १२ व्होल्टसाठी दिलेली क्षमता वाचावी. जोडणीनंतर पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्यास घरातील अर्थिंग तपासून घ्यावे.

मर्यादित खर्चात सर्वच सोयी मिळत नाहीत. अशा वेळी काच आणि रंगीत दिवे यांचा मोह टाळता येतो. परंतु हवेचा मार्ग, पुरेशी जागा आणि विश्वासार्ह वीजपुरवठा या बाबतींत केलेली काटकसर पुढे महाग पडते.