व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का? आणि घेतलाच तर कोणता?

"सिस्टर, हे यंत्र घेतलं तर पोराचा दमा जाईल का?"

वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला दारातच गाठून विचारले. हातात रंगीत पत्रक होते. आदल्या दिवशी एक तरुण घरी येऊन गेला होता. त्याने गादीवर यंत्र फिरवले आणि नळीत अडकवलेला काळ्या कापडाचा तुकडा काढून दाखवला. कापडावर राखाडी धुळीचा थर होता. "हे तुमचं लेकरू रोज रात्री छातीत घेतंय," असे तो म्हणाला. किंमत साडेअकरा हजार. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर त्याने लगेच हप्त्यांचा कागद पुढे केला. ताई चार घरची धुणीभांडी करतात. रात्रभर त्यांना झोप आली नाही.

आम्ही त्यांना एवढेच सांगितले, "सही करू नका, आठ दिवस थांबा." आता हाच प्रश्न अनेक घरांतून येतो, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहोत.

हे लिहिण्याचा आम्हाला अधिकार आहे, कारण आम्हीही फसलो आहोत. आमच्या आईला दमा होता. नोकरी नवीन होती, दारात असाच एक विक्रेता आला. साडेसात हजारांचे यंत्र हप्त्यांनी नऊ हजारांना पडले. दुसऱ्या वर्षी नळीला चीर गेली. नवी नळी मागितली तर उत्तर आले, "ते मॉडेल बंद झालं." पुढची कित्येक वर्षे ते यंत्र पोटमाळ्यावर पडून होते. आईच्या दम्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. तिला उतार पडला तो रोजचा पंप नीट सुरू झाल्यावर.

काळ्या कापडाचा खेळ

गादी कुणाचीही असो, झोपडीतली असो की बंगल्यातली, तिच्यातून धूळ निघणारच. माणसाच्या कातडीची कोंडी रोज गळते. कापसाचे तंतू सुटतात. ही कोंडी खाऊन जगणारा एक अगदी बारीक जीव गादी-उशीत राहतो. त्याला धुळीतला माइट म्हणतात. तो मिलिमीटरच्या पाव भागाएवढा असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. त्याच्या विष्ठेमुळे काही लोकांना शिंका येतात, काहींना धाप लागते. ही गोष्ट खरी आहे.

विक्रेता सांगत नाही ते पुढचे. माइट धाग्यांना घट्ट धरून बसतो. यंत्र वरची धूळ आणि काही विष्ठा ओढते, जिवंत माइट बरेचसे आतच राहतात. म्हणून यंत्र फिरवून दमा जात नाही. धूळ कमी झाली तर त्रास थोडा हलका होऊ शकतो, एवढेच.

शिवाय प्रत्येक खोकला धुळीचा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. दमा ठरला असेल तर डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप बंद करू नका. 'पंपाची सवय लागते' हा समज चुकीचा आहे. पंपाचे पैसे वाचवून यंत्राचा हप्ता भरणे म्हणजे छत गळत असताना भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

आधी कमी खर्चाचे उपाय

दवाखान्याच्या वॉर्डात कोरडा झाडू मारत नाहीत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच आम्हाला हे शिकवले गेले. कोरड्या झाडूने धूळ जागेवरून उठते, हवेत तरंगते आणि पुन्हा खाली बसते. मधल्या वेळात ती आपल्या नाकात जाते. म्हणून वॉर्डात ओले पुसतात. आपल्या घरात कोबा, शहाबादी फरशी किंवा टाइल असते, गालिचा नसतो. अशा जमिनीला ओले फडके कोणत्याही यंत्राइतकेच चांगले.

पद्धत मात्र नीट हवी. दोन बादल्या घ्या. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. मळलेले फडके आधी साध्या पाण्यात खळबळून पिळा, मग साबणाच्या पाण्यात बुडवा. एकाच बादलीत फडके बुडवत राहिलो तर मळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो.

अंथरूण-पांघरुणाचे सुती कपडे आठवड्यातून एकदा धुवा. पाणी साठ अंशांच्या वर, म्हणजे हात घालवणार नाही इतके गरम असेल तर माइट मरतात. तेवढे गरम पाणी शक्य नसेल तर साध्या पाण्यानेही विष्ठा बरीच धुतली जाते. गादी, उशा, गोधड्या कडक उन्हात टाका, कारण माइटला ओलावा लागतो. ज्याला दमा आहे त्याच्या उशीला आणि गादीला बारीक विणीची, चेनची खोळ घाला. रात्री खरकटे उघडे ठेवू नका. झुरळांमुळेही दमा वाढतो. डासांची कॉइल बंद खोलीत जाळत असाल तर ती थांबवून मच्छरदाणी लावा.

हे सगळे महिनाभर करून पाहा. त्यानंतर यंत्राचा विचार करा.

मग हे यंत्र कुणासाठी?

हे यंत्र श्रीमंतांच्या चैनीसाठी निघाले असे अनेकांना वाटते. त्याची एक गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन नावाचे शहर आहे. तिथे जेम्स मरे स्पँगलर नावाचे गृहस्थ एका दुकानात झाडलोट करत. त्यांना दमा होता. झाडताना उडणारी धूळ सोसेना, तेव्हा त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारे यंत्र बनवले. १९०८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे ते हूवर कुटुंबाने विकत घेतले आणि त्या नावाची कंपनी जगभर गाजली. यंत्रे त्याआधीही होती, पण ती अवजड होती. घरात एका माणसाला हाताळता येईल असे यंत्र एका झाडूवाल्याने स्वतःची छाती वाचवण्यासाठी केले.

म्हणून यंत्र निवडताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: झाडणाऱ्याची छाती याने वाचते का?

घरात गालिचा, सतरंजी, सोफा किंवा जाड गादी असेल, घरात दम्याचा माणूस असेल, शेजारी रस्त्याचे किंवा इमारतीचे काम चालू असेल, किंवा गुडघे-कंबर दुखत असल्याने वाकून झाडणे जमत नसेल, तर यंत्राचा उपयोग आहे. दहा बाय बाराची एक खोली, खाली टाइल आणि दोन वळकट्या एवढेच असेल, तर नाही.

खोक्यावर काय वाचावे

*फिल्टर.* यंत्र एका बाजूने हवा ओढते आणि दुसऱ्या बाजूने सोडते. फिल्टर साधा असेल तर मोठा कचरा आत राहतो, बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण छातीत खोल जाते. 'हेपा' फिल्टर ०.३ मायक्रॉनचे शंभरपैकी नव्व्याण्णवहून अधिक कण अडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खोक्यावर 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असे लिहिले असेल तर सावध व्हा. 'एच १३' असा दर्जा छापलेला असेल तर उत्तम. दम्यासाठी घेत असाल तर हेपाशिवाय घेऊ नका.

*वॅट.* "दोन हजार वॅट, ताई!" असे दुकानदार सांगतो. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते. ओढते किती, ते वेगळे. ओढण्याचा जोर किलोपास्कलमध्ये लिहितात. वायरवाल्या घरगुती यंत्रांवर तो साधारण १५ ते २२ असतो. तेवढा घराला पुरतो.

*वीज.* १,२०० वॅटचे यंत्र पंधरा मिनिटे चालवले तर ०.३ युनिट जाते. आठवड्यातून तीनदा वापरले तर महिन्याला सुमारे चार युनिट. बिलाची चिंता नको, तारेची करा. १,२०० वॅटचे यंत्र पाच अँपिअरहून थोडे जास्त ओढते. घरातला लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. १,६०० वॅटचे यंत्र सात अँपिअर ओढते, त्याला सोळा अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. एकाच बोर्डावर फ्रिज, इस्त्री आणि हे यंत्र लावू नका.

*पिशवी की डबा.* पिशवीच्या यंत्रात धूळ पिशवीतच राहते, पण कागदी पिशव्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात. डब्याच्या यंत्रात तो खर्च नाही, मात्र रिकामा करताना धूळ उडते.

*ओले-सुके.* पावसात घरात पाणी शिरणाऱ्या वस्तीत ओले-सुके यंत्र कामाचे, कारण ते पाणीही ओढते. साध्या यंत्राने पाणी कधीही ओढू नका, शॉक बसू शकतो.

*बॅटरीचे आणि आपोआप फिरणारे.* बॅटरी काही वर्षांत दम टाकते आणि नवी महाग पडते. आपोआप फिरणारे यंत्र खाटा, पिंप आणि भांड्यांच्या गर्दीत अडकून बसते. आपल्या घरांसाठी साधे वायरचे यंत्रच टिकाऊ.

पैसे देण्याआधी

आपल्यातल्या कितीतरी बायका कामाच्या घरी ही यंत्रे रोज हाताळतात. कोणत्या यंत्राची नळी फाटते, कोणते लवकर तापते, तक्रार केल्यावर कुणाचा माणूस येतो, हे मालकिणीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. दुकानात जाण्याआधी त्यांना विचारा. कोणत्याही जाहिरातीपेक्षा हा सल्ला खरा.

मग दुकानदाराला विचारा: सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात कुठे आहे? फिल्टर, पिशवी आणि नळी वेगळी मिळते का, कितीला? वॉरंटी किती वर्षांची, आणि मोटरला वेगळी आहे का? आम्ही तर म्हणतो, घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला एक फोन करून त्याच मॉडेलची नळी मागून पाहा. तेव्हाच गोलमाल उत्तर आले, तर ते यंत्र सोडून द्या. आम्ही त्या वेळी हा एक फोन केला असता तर आमचे नऊ हजार वाचले असते.

दुकानात यंत्र चालू करून बघा. आवाज किती येतो, उचलून माळ्यावर ठेवता येते का, वायर खोलीच्या टोकापर्यंत पोहोचते का? आपल्याकडे भिंतीला भिंत लागून असते आणि पलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो. आवाजाचा विचार त्यासाठीही करा.

खर्चाचा हिशेब पाच वर्षांचा मांडा. सहा हजारांचे यंत्र पाच वर्षे चालले तर महिन्याला शंभर रुपये पडतात, वर पिशव्या आणि फिल्टर. चार हजारांचे यंत्र दीड वर्षात बंद पडले तर तेच महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास जाते. स्वस्त कोणते, ते तुम्हीच ठरवा. हप्त्याने घेत असाल तर सगळे हप्ते आणि सुरुवातीचे शुल्क यांची बेरीज स्वतः करा, मगच सही करा.

आणखी एक मार्ग आहे. बचत गटाने मिळून एक चांगले ओले-सुके यंत्र घ्यावे आणि पाळीपाळीने वापरावे. गाद्यांना आठवड्यातून एकदा फिरवले तरी पुरते. समाजमंदिराच्या सतरंज्याही त्यातच होतील. यंत्र कुणाकडे राहील आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, हे आधीच वहीत लिहून ठेवा.

वापरताना

चुलीची गरम राख, जळती उदबत्ती, कॉइलचा निखारा ओढू नका, पिशवी पेट घेते. बारीक सिमेंटही नको, फिल्टर चोंदतो. पिशवी किंवा डबा घराबाहेर, ओल्या वर्तमानपत्रावर रिकामा करा आणि तोंडाला मास्क बांधा. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. यंत्र चालू असताना आणि नंतर थोडा वेळ त्याला खोलीबाहेर बसवा. कामाच्या घरी पिशवी रिकामी करावी लागत असेल, तर तिथेही मास्क मागून घ्या.

फसवणूक झाली तर

पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड यांशिवाय पैसे देऊ नका. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे काम झाले नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

त्या ताई आठ दिवसांनी भेटल्या. त्यांनी यंत्र घेतले नव्हते. मुलाच्या गादी-उशीला खोळ शिवली होती, घर ओल्याने पुसायला सुरुवात केली होती आणि मधेच थांबलेला पंप पुन्हा चालू केला होता. "यंत्राचं पुढं बघू," त्या म्हणाल्या, "दिवाळीला गटात विषय काढते."