ओरगडमच्या उष्म्यात सुगंधी मेणबत्ती

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळकोईलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरगडम आहे. रामानुजाचार्यांच्या जन्मस्थानाचे सान्निध्य लाभूनही आज त्याची ख्याती आहे ती मोटारींच्या कारखान्यांमुळे. २०१० साली रेनो-निसानचा आणि २०१२ साली डाइम्लरच्या मालमोटारींचा कारखाना या परिसरात सुरू झाला, आणि चाकण-पिंपरीच्या वाहनधंद्यात मुरलेली मराठी माणसे बदलीच्या हुकमाने वा स्वेच्छेने या बाजूस येऊ लागली. त्यांच्या घरी दिवाळीत पणत्यांच्या जोडीला आताशा एक नवा जिन्नस दिसतो, तो म्हणजे काचेच्या पेल्यात ओतलेली, चंदनाचा वा मोगऱ्याचा वास असलेली मेणबत्ती. ती बहुधा भेटीदाखल येते, मोठ्या कौतुकाने पेटवली जाते, आणि थोड्याच दिवसांत तिची दशा शोचनीय होते: मधोमध विहीर खणल्यासारखी पोकळी पडते, कडेचे मेण तसेच उभे राहते, काच काळवंडते आणि सुगंधाचा मागमूस उरत नाही. दोष पुष्कळदा मेणबत्तीचा नसतो. तिच्या वापराचे नियम थंड मुलखातल्या बंद खोल्यांत घडले आहेत. आपण तिला दमट उष्म्यात, छताच्या पंख्याखाली आणून बसवतो आणि तिच्या प्रकृतीची चौकशी करण्याची तसदी घेत नाही.

मेण जळते असे आपण सहज बोलून जातो, परंतु ज्योतीच्या उष्णतेने वितळलेले मेण वातीच्या तंतूंतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते, आणि प्रत्यक्षात पेट घेते ती ही वाफ. मायकेल फॅरडे याने १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी जी व्याख्यानमाला गुंफली, तिचा विषय केवळ एक मेणबत्ती हा होता. नुकत्याच विझवलेल्या वातीतून वर चढणाऱ्या धुराला अंतरावरून काडी लावली असता ज्योत त्या धुरावरून उतरत वातीवर परत येते, हा त्यातील प्रयोग कोणासही घरी करून पाहता येईल. सुगंधाचा व्यवहार मात्र निराळा आहे. जे अत्तर ज्योतीत शिरते ते जळून जाते. खोलीत दरवळतो तो वास मुख्यत्वे ज्योतीभोवती साचलेल्या, तापलेल्या मेणाच्या तळ्यावरून उठतो. ज्योत मोठी म्हणजे सुवास अधिक ही समजूत म्हणूनच निराधार आहे. तळे किती विस्तारते आणि किती संथपणे तापते, यावर सारे अवलंबून असते.

सबब पहिल्या खेपेस मेणबत्ती घाईने विझवू नये. पेल्याच्या काठापर्यंत मेण सर्व बाजूंनी वितळेतो ती जळू द्यावी. पेल्याच्या व्यासाच्या दर इंचास सुमारे एक तास, असा हिशेब धरतात. अर्ध्या तासात विझवली, तर वितळलेल्या भागाची कडा तेथेच घट्ट होते, पुढील खेपेचे तळेही बहुधा त्याच मर्यादेत राहते, आणि मग ती विहीर खोल खोल जाते. एकदा असे झालेच, तर पेल्याच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद मध्यभागी भोक ठेवून गुंडाळावा आणि जवळ बसून तासभर जळू द्यावे. उष्णता आत कोंडली जाऊन कडेचे मेण उतरते. कागद व काच फार तापतात, तेव्हा विझवून निवल्याखेरीज हात लावू नये. एरवीही चार तासांहून अधिक काळ एका बैठकीत कोणतीही मेणबत्ती जाळण्यात हशील नाही, कारण काच तापते आणि वातीवर गूल धरतो.

वातीकडे दुर्लक्ष ही तर सार्वत्रिक चूक. समईची वात तेलात सारावी लागते, मेणबत्तीची कातरावी लागते, एवढाच काय तो भेद. दिव्याच्या शुश्रूषेची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे, आणि या तमिळ मुलखात तर तिला मराठी दाखलाही आहे. तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिरात तंजावरच्या भोसले राजघराण्यातील एका स्त्रीने अर्पण केलेली, हाती दिवा धरलेल्या स्त्रीची पितळी मूर्ती आहे. युरोपात पूर्वी चरबीच्या मेणबत्त्यांची वात दर थोड्या वेळाने कात्रीने छाटावी लागे. १८२५च्या सुमारास कांबासेरेस या फ्रेंच गृहस्थाने वेणीसारखी विणलेली वात योजली, तिचे टोक वाकून ज्योतीच्या कडेस येते व आपोआप जळून जाते, त्यामुळे ही यातायात बरीच कमी झाली. बरीच, पूर्णतः नव्हे. सुगंधी मेणात अत्तराचा भाग शेकडा ६ ते १० इतकाही असू शकतो व त्यामुळे वात अधिक काजळते. म्हणून दर खेपेस पेटवण्यापूर्वी, मेण थंड असताना, ती पाव इंच ठेवून उरलेली कातरावी, आणि कातरलेला तुकडा मेणात पडू देऊ नये.

आता ओरगडमच्या हवेविषयी. मेणबत्तीचे नेहमीचे पॅराफिन मेण ५८ ते ६० अंशांच्या आसपास वितळते. परंतु पेल्यात ओतायचे मेण, विशेषतः सोयाबीनचे, मुद्दाम मऊ ठेवलेले असते आणि ५० अंशांच्या आगेमागेच पाघळते. मे महिन्यात येथले लोक ज्याला कत्तिरी म्हणतात त्या कडक उन्हाच्या दिवसांत पारा ४० अंशांशी खेळत असतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तो कितीतरी वर जातो. अशा मोटारीत राहिलेली मेणबत्ती घरी पोचेतो तिचा आकारही शाबूत राहत नाही. घरातही मेणाच्या पृष्ठभागावर अत्तराचे थेंब घामासारखे येतात. ते पेटवण्यापूर्वी टिपून घ्यावेत. साठवण झाकण लावून, अंधाऱ्या कपाटात. सूर्यप्रकाशाने रंग व वास दोन्ही उडतात.

पंख्याचा प्रश्न याहून बिकट. वाऱ्याने ज्योत एका बाजूस कलते, तेवढीच काच तापून तडकण्याचा संभव असतो, आणि अपुऱ्या ज्वलनाने काजळी धरते. पंखा बंद ठेवावा, तर मे महिन्यात माणूसच वितळायचा! माझे स्पष्ट मत असे की, उन्हाळ्याच्या महिन्यांत मेणबत्ती पेटवूच नये. गल्लीच्या तोंडाशी मोगऱ्याचा गजरा मिळतो आणि त्याला आग लागत नाही. कार्तिकात, तमिळ घरांच्या ओसरीवर कार्तिगै दीपम्‌चे मातीचे दिवे लागतात तेव्हापासून मार्गळी हा तमिळ महिना संपेतोचा काळ तिला मानवतो. मात्र हाच वादळांचाही मोसम. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आले, तेव्हा अनेक भागांत वीज गेली होती. अशा प्रसंगासाठी साध्या मेणबत्त्यांचा अथवा विजेरीचा बंदोबस्त वेगळा ठेवावा. खिडक्या लावलेल्या खोलीत सुगंधी मेणबत्ती रात्रभर उजेडासाठी जाळल्यास डोके धरते, आणि दमेकऱ्यास तर त्रासच.

फुंकर मारून विझवण्याचा शिरस्ता सोडावा, कारण त्याने धूर होतो आणि मेण उडते. त्याऐवजी चिमट्याने वात मेणात बुडवून लगेच सरळ करावी, किंवा पेल्याचे धातूचे झाकण ठेवावे. पेटलेल्या मेणावर पाणी मात्र कदापि ओतू नये, भडका उडतो. पडदे, लहान मुले आणि झोप, या तिन्हींपासून ती दूर असावी. बुडाशी अर्धा इंच मेण उरले की मेणबत्ती संपली असे समजावे, कारण पुढे काचच तापू लागते. उरलेले मेण गोठवून चमच्याने काढावे व कचऱ्यात टाकावे; वितळवून मोरीत ओतू नये, नळ तुंबतो आणि नळवाल्याची मजुरी नव्या मेणबत्तीहून महाग पडते.