आज्ञा दिली, पण मोटर पोहोचली का?

सागवानी दारावर नक्षी कोरणाऱ्या सीएनसी राउटरवर अधूनमधून एक विचित्र प्रकार घडतो. अर्धी वेल सुबक उतरते आणि एका ठिकाणापासून पुढची सगळी नक्षी जराशी बाजूला सरकून कोरली जाते. स्क्रीनवरचे आकडे मात्र बिनचूक असतात. कारण ते आकडे कंट्रोलरने दिलेल्या आज्ञांचे असतात, प्रत्यक्ष झालेल्या हालचालीचे नाहीत. लाकडात गाठ लागली, कटर अडला, मोटर चार-दोन स्टेप चुकली, तरी हे कंट्रोलरला कळवणारं तिथे कुणीच नसतं.

अशा राउटरवर बहुधा स्टेपर मोटर असते. सर्रास मिळणाऱ्या स्टेपरच्या रोटरवर ५० बारीक दाते असतात आणि भोवतीच्या स्टेटरवर कॉइलचे दोन संच. दोन्ही संचांतला प्रवाह ठरावीक क्रमाने उलटसुलट केला की चार टप्प्यांत रोटर एक दाता पुढे सरकतो. म्हणजे एका फेऱ्यात २०० स्टेप, प्रत्येक स्टेप १.८ अंशांची. शाफ्टला ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू जोडला, तर एका स्टेपमध्ये टेबल २५ मायक्रॉन सरकतं.

प्रवाहाची ही उलटापालट करण्याचं काम ड्राइव्हचं. कंट्रोलर त्याला दोनच गोष्टी सांगतो: पल्स आणि दिशा. आजचे ड्राइव्ह प्रवाह एकदम उलटवत नाहीत. एका कॉइलमधला कमी करत, दुसरीतला वाढवत, साइन वक्राच्या वळणाने नेतात. यालाच मायक्रोस्टेपिंग म्हणतात. एका स्टेपचे १६ भाग केले की फेऱ्याला ३,२०० पल्स लागतात आणि कागदावर एक पल्स दीड मायक्रॉनचा होतो. त्याने मोटर गुळगुळीत फिरते, आवाज कमी होतो. अचूकता मात्र तेवढी वाढत नाही, कारण भार आला की रोटर चुंबकीय क्षेत्राच्या थोडा मागे रेंगाळतोच.

सगळी गोम या रेंगाळण्यात आहे. रोटर जितका मागे पडतो तितकी त्याला पुढे ओढणारी खेच वाढत जाते, पण ती साधारण एका पूर्ण स्टेपपर्यंतच. त्यापुढे खेच ओसरू लागते. दोन स्टेपहून जास्त मागे पडला की ती उलटते आणि रोटर मागच्या दात्यावर जाऊन बसतो. एक दाता म्हणजे ७.२ अंश. वरच्या स्क्रूच्या हिशेबात ०.१ मिलिमीटर. त्यामुळे स्टेपरची चूक पल्सइतकी बारीक नसते, ती दात्याच्या पटीत होते आणि पुढच्या कामात तशीच राहते.

वेग वाढला की हा धोका आणखी वाढतो. टेबल मिनिटाला ६ मीटर पळवायचं तर वरच्या मोटरला सेकंदाला ६४,००० पल्स द्यावे लागतात आणि प्रत्येक कॉइलमधल्या प्रवाहाचं उलटसुलट चक्र सेकंदाला हजार वेळा पूर्ण व्हावं लागतं. कॉइल प्रवाहाच्या बदलाला विरोध करते, शिवाय फिरणारा रोटर स्वतःच उलटं व्होल्टेज निर्माण करतो. प्रवाह पुरता चढण्याआधीच उतरवायची वेळ येते आणि टॉर्क ढासळतो. यावर उपाय म्हणून जेमतेम तीन-चार व्होल्टच्या कॉइलला ४८ व्होल्टचा पुरवठा देतात. प्रवाह झटकन चढतो आणि मर्यादेला पोहोचताच ड्राइव्ह तो क्षणोक्षणी तोडत राहतो.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या व्हीएमसीवर, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर, काम वेगळ्या पद्धतीने चालतं. तिथे सर्व्हो मोटर असते आणि तिच्या पाठीमागे एन्कोडर. २० बिटचा एन्कोडर एका फेऱ्याचे १०,४८,५७६ भाग मोजतो. ड्राइव्हमध्ये एकात एक गुंफलेली तीन चक्रं चालू असतात. बाहेरचं चक्र हवी ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक बघून वेग ठरवतं. मधलं तो वेग साधण्यासाठी किती टॉर्क लागेल ते सांगतं. सर्वांत आतलं आणि सर्वांत चपळ चक्र तेवढा प्रवाह मोटरमध्ये सोडतं. भार वाढला तर प्रवाह आपोआप वाढतो. थोडा वेळ ही मोटर नेहमीच्या तिप्पट टॉर्कही देऊ शकते.

पण सर्व्होसुद्धा मागे पडतो, आणि स्टेपरपेक्षा कितीतरी जास्त! साध्या रचनेत फरकातूनच वेग ठरतो, म्हणजे फरक नसेल तर वेगही नाही. बाहेरच्या चक्राचा गेन, म्हणजे फरकाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा, सेकंदाला ३० असेल, तर मिनिटाला ६ मीटर वेगाने धावणारं टेबल आज्ञेच्या तीन मिलिमीटरहून जास्त मागे असतं. सरळ रेषेत याने काही बिघडत नाही, पण कोपऱ्यावर टूल वळण गोलवतं. एक्स आणि वाय अक्षांचे गेन वेगवेगळे असतील, तर वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. म्हणून कंट्रोलर पुढचा वेग आधीच ड्राइव्हला कळवून ठेवतो आणि हे अंतर बरंच मिटतं. गेन वाटेल तेवढा वाढवताही येत नाही. जास्त झाला की अक्ष थरथरतो आणि ती थरथर जॉबवर लाटांसारखी उमटते. सर्व्होची खरी किंमत मात्र इथेच वसूल होते. फरक मर्यादेबाहेर गेला की अलार्म वाजतो आणि मशीन थांबतं. चुकीचा जॉब गुपचूप पुरा होत नाही.

या दोन वाटांतली निवड जुनी आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने छिद्रं पाडलेल्या टेपवरून चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. जपानमध्ये फुजित्सूत काम करणाऱ्या सेइउएमोन इनाबा यांच्या चमूने १९५९ मध्ये पल्सवर चालणारी, तेलाच्या दाबाची जोड दिलेली मोटर बनवली. ती फुजित्सूतूनच निघालेल्या फॅनक कंपनीच्या यशाचा पाया ठरली. पण १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज खाणारी ती मोटर बाजूला ठेवून कंपनी डीसी सर्व्होकडे वळली आणि पुढे एसी सर्व्हो आले. आता तर एन्कोडर लावलेले स्टेपरही मिळतात.

तरीही सर्व्होला सगळं दिसतं असं नाही. मोटरच्या पाठीमागचा एन्कोडर शाफ्ट किती फिरला तेवढंच सांगतो. सकाळपासून चाललेला मीटरभर लांबीचा बॉलस्क्रू पाच अंशांनी तापला की ५० मायक्रॉनहून जास्त वाढतो, आणि याचा एन्कोडरला पत्ताही नसतो. म्हणून महागड्या मशीनवर टेबललाच लिनिअर स्केल लावून मोजमाप तिथून घेतात. मशीन घेताना मोटर स्टेपर आहे की सर्व्हो हे सगळेच विचारतात. त्यापाठोपाठ मोजमाप नेमकं कुठून घेतलं जातं हेही विचारायला हवं. त्या जागेपुढे जे काही घडतं, ते पकडायला अजूनही ऑपरेटरचा मायक्रोमीटरच लागतो.