निरोप्याचं घर

सकाळी ७:००

मागच्या दाराने आत आले तेव्हा मावशी फरशी पुसत होत्या. "ताई, आज एवढ्या लवकर?" त्यांनी विचारलं. "आज आपल्या निरोपांना घर द्यायचंय, मावशी," मी म्हटलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साठ खाटांचं आमचं धर्मादाय रुग्णालय आहे. इथलं संगणकाचं सगळं काम माझ्याकडे असतं. आजवर वॉर्डावॉर्डांतले निरोप प्रत्येकाच्या खासगी फोनवरच्या गटांतून फिरायचे. दोन महिन्यांपूर्वी एका सिस्टरने नोकरी सोडली. निघताना तिने स्वतःहून फोन माझ्यापुढे धरला. त्यात एक्स-रेचे फोटो होते, रक्ताचे रिपोर्ट होते, पेशंटची नावं होती. तीन वर्षांचा ऐवज. "हे मी काय करू, मॅडम?" तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. संस्था म्हणून आम्ही तिला दुसरी जागाच दिली नव्हती.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्यात अशा माहितीची जबाबदारी संस्थेवर ठेवली आहे. पण कायदा नसता तरी आजारी माणसाने विश्वासाने सांगितलेलं जपणं हे रुग्णालयाचं पहिलं काम आहे.

सकाळी ७:३०

घर म्हणजे बिलिंग काउंटरवरून निवृत्त झालेला एक डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, नवा एसएसडी. सगळी डिस्क कूटबद्ध करून काल रात्रीच त्यावर डेबियन १२ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. आज पहिलीच आज्ञा दिली, पॅकेजांची यादी ताजी कर, आणि तिथेच गाडी अडली. रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, असं मशीन म्हणत होतं.

म्हणजे मशीनच्या लेखी ती फाइल उद्याची होती. तारीख पाहिली तर कित्येक महिने मागची. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल मेला होता आणि फायरवॉलमध्ये घड्याळ जुळवून घेण्याचा १२३ क्रमांकाचा पोर्ट बंद होता. कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडून सीआर २०३२ सेल आणला, पोर्ट उघडला, वेळ जुळली.

यात तास गेला, पण मनाला बरं वाटलं. रुग्णालयात 'कधी' हा प्रश्न 'काय' इतकाच महत्त्वाचा असतो. ताप किती वाजता चढला, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, हे सांगणाऱ्या सर्व्हरचं घड्याळच चुकत असेल तर त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही.

सकाळी ८:४५

निरोपांचा सर्व्हर प्रॉसडी इन्स्टॉल झाला. एक आज्ञा, चहा निवण्याइतका वेळ.

हाच सर्व्हर का, हे विश्वस्तांना मी आधीच समजावलं होतं. ४ जानेवारी १९९९ रोजी जेरेमी मिलर या अमेरिकी तरुणाने 'जॅबर' नावाचा प्रकल्प जाहीर केला. तेव्हा प्रत्येक कंपनीचा मेसेंजर आपल्याच भिंतीत कोंडलेला होता. एकाचा निरोप दुसऱ्याकडे जात नसे. निरोपांची भाषा टपालासारखी सगळ्यांना खुली असावी, हा मिलरचा आग्रह होता. त्या भाषेला पुढे एक्सएमपीपी हे नाव मिळालं. २००४ मध्ये ती आरएफसी ३९२० म्हणून इंटरनेटचं मानक झाली आणि २०११ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. २००५ सालचं गूगल टॉक हीच भाषा बोलायचं. व्हॉट्सॲपची सुरुवातही ईजॅबरडी या मुक्त सर्व्हरवरच झाली.

ईजॅबरडी अर्लांगमध्ये लिहिलेला आहे, लाखोंचा भार पेलणारा. ओपनफायर जावातला, ब्राउझरच्या पडद्यावरून चालवता येणारा. प्रॉसडी लुआ भाषेतला, अंगाने लहान, आणि त्याची कॉन्फिग फाइल माणसाला वाचता येते. माझ्यानंतर या खुर्चीवर जो कोणी बसेल त्याला ती फाइल वाचून समजली पाहिजे, म्हणून मी प्रॉसडी घेतला. शिवाय भाषा खुली असल्यामुळे उद्या सर्व्हर बदलला तरी पत्ते तेच राहतील आणि फोनवरचं ॲपही तेच चालेल.

सकाळी ९:३०

कॉन्फिग फाइल उघडली. ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा असल्या की ती ओळ झोपलेली, रेघा काढल्या की जागी. पहिल्यांदा बाहेरच्या सर्व्हरांशी बोलणारा भाग बंद केला. आमचे निरोप घरातल्या घरात फिरायचे आहेत, त्यामुळे ५२६९ या पोर्टची गरज नाही, फोनसाठीचा ५२२२ पुरे. स्वतः खातं उघडण्याची सोय मुळातच बंद असते, ती तशीच ठेवली. कूटबद्ध जोडणीशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही, ही ओळ दोनदा तपासली. पासवर्ड जसाच्या तसा साठवला जाणार नाही, त्याचा फक्त हॅश राहील. निरोपांसाठी एसक्यूलाइट, म्हणजे सगळं एका फाइलमध्ये.

सर्व्हर उठेना. लॉगमध्ये ओळीचा क्रमांक होता. मॉड्यूलांच्या यादीत एक स्वल्पविराम राहिला होता. तो दिला आणि सर्व्हर चालू झाला.

मग सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्टकडून ते फुकट मिळतं, मुदत नव्वद दिवसांची. पण ते ज्या फोल्डरमध्ये येतं तिथे फक्त रूटला प्रवेश असतो. प्रॉसडी स्वतःच्या वेगळ्या, कमी अधिकाराच्या नावाने चालतो, त्यामुळे त्याला ते वाचता येत नाही. फोल्डर सगळ्यांना खुला करून टाकावा असा मोह इथे होतो. तो टाळायचा. प्रॉसडीचीच 'सर्टिफिकेट आयात कर' अशी आज्ञा आहे, ती आपल्यापुरती प्रत काढून घेते. दर नूतनीकरणानंतर ती आपोआप चालेल अशी व्यवस्था लावली. नाहीतर तीन महिन्यांनी एका पहाटे सगळे फोन एकदम मुके होतील आणि कारण कोणाला सुचणार नाही.

सकाळी ११:३०

आता दिवसाचं खरं काम. मेट्रनबाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो, त्या, वैद्यकीय अधीक्षक आणि मी. यंत्राला कसं सांगायचं ते मला येतं. काय सांगायचं हे ठरवणारी माणसं ही.

मी प्रत्येक सिस्टरच्या नावाने खातं काढण्याच्या तयारीत होते. मेट्रनबाई म्हणाल्या, "अगं, निरोप वॉर्डाला असतो. पाळी बदलते, सिस्टर बदलते, वॉर्ड तोच राहतो. तू वॉर्डाला फोन दे." तीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं ते एक वाक्य माझ्या दोन आठवड्यांच्या आखणीपेक्षा शहाणं होतं. ठरलं: प्रत्येक वॉर्ड, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, लॅब, एक्स-रे, औषध भांडार यांना संस्थेच्या मालकीचा एकेक बिनसिमचा फोन. खातं त्या जागेच्या नावाचं. पाठवणाऱ्या सिस्टरने निरोपाच्या शेवटी आपली आद्याक्षरं लिहायची. डॉक्टरांना स्वतःच्या नावाने खाती. चौदा जागा, अकरा डॉक्टर.

दुसरा मुद्दा आठवणीचा. प्रॉसडीत निरोपांचा साठा मुळात एक आठवडा राहतो, मग पुसला जातो. अधीक्षक म्हणाले, "कायमचं ठेवू या की, जागा तर आहे." मेट्रनबाईंनी नकारार्थी मान हलवली. मी भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीची आठवण करून दिली. भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या, हा दंडक केसपेपरला आहे. औषधाचा डोस, डॉक्टरांची सूचना, सही हे सगळं केसपेपरवरच गेलं पाहिजे. गप्पांच्या खोलीत लिहिलं म्हणजे लिहून झालं, अशी सवय लागली तर एखाद्या रात्री ती जिवावर बेतेल. निरोप हा निरोप्यासारखा असावा, सांगून झालं की निघून जावा. शेवटी निरोप तीस दिवस आणि फोटो सात दिवस, असं ठरलं.

तिसरा नियम मेट्रनबाईंनी स्वतःच घातला: पेशंटचं नाव लिहायचं नाही. खाट क्रमांक आणि केस क्रमांक पुरे.

चौथी गोष्ट मला सांगावीच लागली. "या सर्व्हरवरचे गटातले निरोप, मनात आणलं तर, मी वाचू शकते." खोली क्षणभर शांत झाली. दोन टोकांमधली कूटबद्धता वापरली तर मलाही वाचता येणार नाही, पण मग नव्याने जोडलेल्या फोनला जुना धागा मिळण्यात अडचणी येतील. म्हणून डॉक्टरांच्या आपापसातल्या बोलण्याला ती कूटबद्धता राहील आणि वॉर्डांच्या गटांना नाही. साठा उघडायची वेळ आली तर अधीक्षक आणि मेट्रनबाई दोघांची लेखी परवानगी लागेल. किल्ली ज्याच्या हाती असते त्याने ती आहे हे आधी सांगावं, एवढं मी या कामात शिकले आहे.

दुपारी २:१५

दुपारची पाळी आली आणि एक कोडं घेऊन आली. डॉक्टरांचा फोन मोबाइल डेटावर असला की लगेच जोडला जायचा, रुग्णालयाच्या वायफायवर आला की गप्प. आतल्या माणसाला दार बंद, बाहेरच्याला उघडं.

डबा बाजूला ठेवला. सर्व्हरच्या नावाचा पत्ता विचारला की आमचा बाहेरचा आयपी मिळत होता. आतला फोन त्या पत्त्यावर जायला निघायचा, आणि बाहेर जाऊन लगेच आत वळणारी जोडणी आमच्या राउटरला जमत नव्हती. वाड्यातल्या माणसाने शेजारच्या खोलीत जायला वेशीबाहेर जाऊन परत यावं आणि वेशीवरच्या राखणदाराने त्याला ओळखू नये, तसं. उपाय साधा आहे. राउटरच्या डीएनएसमध्ये त्याच नावापुढे सर्व्हरचा घरातला पत्ता लिहिला. सर्टिफिकेट नावाला बांधलेलं असतं, आयपीला नाही, त्यामुळे तेही कुरकुरलं नाही. सगळे फोन जोडले गेले. डबा साडेतीनला खाल्ला, गार.

दुपारी ४:००

सिस्टरांचं प्रशिक्षण, चार-चार जणींचं. फोनवर कॉन्व्हर्सेशन्स हे मुक्त ॲप. पहिला धडा बॅटरीचा: अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ॲप झोपवतं, मग निरोप वीस मिनिटांनी एकदम चार येतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपला मोकळीक द्यायची. चौदाही फोनांवर ती मी प्रत्येकीच्या हातून करून घेतली.

मग एका सिस्टरने पहिला निरोप टाइप केला: "खाट ७ ची सलाईन संपत आलीय." मी सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहत होते. कोनी कंसांची चौकट, कोणाकडून, कोणाला, आणि मधोमध स्वच्छ देवनागरी. एक्सएमपीपीने सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्येच असावा असा नियमच केला आहे. 'सलाईन' या शब्दाची पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, पंधरा बाइटांत तो शब्द न मोडता भिंतीपलीकडे पोचला. ज्यांनी फाँट नाही म्हणून मराठी पत्राच्या जागी अगम्य चिन्हं उघडलेली पाहिली आहेत, त्यांना या पंधरा बाइटांचं मोल कळेल. आमच्या निम्म्या सिस्टर इंग्रजीत लिहायला बिचकतात. मराठीत त्या नेमकं लिहितात.

संध्याकाळी ५:४५

परीक्षा. राउटरमधून इंटरनेटची वायर मी माझ्या हाताने काढली. पावसाळ्यात आमच्याकडे रस्त्याची खोदाई होते, झाड पडतं, फायबर तुटतं, आणि आजवर त्या प्रत्येक वेळी वॉर्ड एकमेकांपासून तुटायचे. फोनवर प्रश्न उमटला: या वायफायला इंटरनेट नाही, जोडून राहू का? 'हो' दाबलं. पुन्हा विचारू नकोस, हेही.

आयसीयूतून लॅबला निरोप पाठवला. सेकंदाच्या आत पोचल्याची खूण आली. मी वायर हातात धरून तशीच उभी राहिले. एवढ्यासाठीच सर्व्हर या इमारतीत हवा होता.

संध्याकाळी ६:३०

बॅकअप. एसक्यूलाइटची फाइल, खाती, कॉन्फिग, सर्टिफिकेट हे सगळं रोज पहाटे तीनला दुसऱ्या कूटबद्ध डिस्कवर जाईल. घेतलेला बॅकअप उघडून पाहिला नसेल तर तो बॅकअप नव्हे. माझ्या लॅपटॉपवर कोरा डेबियन चढवला, त्यावर आजचा बॅकअप उलगडला, आणि खाट ७ चा निरोप तिथे दिसला तेव्हाच उठले. सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसतील असं केलं. दोन पानांचं टिपण मराठीत लिहून एक प्रत सर्व्हरच्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवली, एक मेट्रनबाईंना दिली.

रात्री ८:००

पाळी बदलायची वेळ. वॉर्ड २ च्या दारापाशी थांबले. दुपारच्या पाळीच्या सिस्टरने केसपेपर एकेक करून समजावले, किल्ल्या दिल्या, आणि शेवटी चार्जरवरून फोन काढून रात्रीच्या सिस्टरच्या हातात ठेवला. "लॅबचा निरोप आलाय, खाट ३ चं हिमोग्लोबिन बघा," असं म्हणाली.

मग पर्स खांद्याला लावून ती घरी निघाली. दोन महिन्यांपूर्वी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोरून चालत गेलं. तिच्याजवळ रुग्णालयातलं काहीही नव्हतं.