लढाईतला रुपया : वजन एक, चांदी निराळी

आम्ही कापडाचे व्यापारी. थान हातात घेतले की सूत शुद्ध की मिलावटी, हे बोटांना कळते. मात्र चांदीच्या जुन्या रुपयांत हात फसतो, आणि तराजूही फसतो.

जुलै २०२१ च्या पुरानंतर महाड-पोलादपूर भागात घराघरांतून जुन्या पेट्या उन्हात आल्या. आमच्या शेजारच्या एक वृद्ध खाला डबा घेऊन दुकानी आल्या. आत ४० रुपये. म्हणाल्या, "बेटा, फेरीवाला सगळ्यांना एकच भाव देतो. देऊन टाकू का?"

आम्ही नाणी सनाप्रमाणे लावली. पाचव्या जॉर्जची १२, सहाव्या जॉर्जची १९४० ते १९४५ ची २८. दोन्हींचे वजन एकच, एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. पण जुन्या रुपयात १२ पैकी ११ भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये दडवू लागले, नाण्यांची टंचाई झाली. सरकारने १९४० मध्ये एक रुपयाची नोट चालू केली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. बाकी तांबे, निकेल व जस्त. म्हणून त्यात चांदी फक्त ५.८३ ग्रॅम.

आता हिशेब पाहा. सर्व नाणी लढाईतली धरली तर चांदी २३३ ग्रॅम. खरी चांदी २९१ ग्रॅम. फेरीवाल्याचा भाव निम्म्या चांदीचा होता. म्हणजे खालांची ५८ ग्रॅम चांदी फुकट जात होती. उलट, लढाईतला रुपया 'शुद्ध चांदी' म्हणून विकत घेणाराही तितकाच फसतो.

ओळख सोपी आहे. प्रथम सन वाचावा. लढाईतल्या रुपयाच्या कडेला रेघांच्या मधोमध नक्षीची खाच असते. १९४४-४५ च्या काही रुपयांवर बारीक 'एल' अक्षर दिसते, ती लाहोरच्या टांकसाळीची खूण. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही.

शौकिनांचा बाजार आणखी वेगळा. तिथे चांदीपेक्षा सन, टांकसाळ आणि नाण्याची हालत पाहतात. १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकलाही निघतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. माळेसाठी कडी डागलेले नाणे शौकीन सहसा घेत नाही, त्याला मोडीचाच भाव येतो. चिंच-राखेने घासलेल्या नाण्याचीही किंमत उतरते. पुराचा चिखल लागला असेल तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे, घासू नये.

विकण्यापूर्वी त्या दिवसाचा चांदीचा भाव विचारावा, दोन दुकाने फिरावीत आणि नाणी सनवार वेगळी करूनच तराजूवर ठेवावीत.

खालांनी २८ नाणी विकून घराचे छप्पर नीट केले. जुनी १२ नातवंडांसाठी ठेवली. आम्हांला तो सौदा पसंत पडला.