पाळीवरून, नहराकाठाने

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला वेगळा झाला, तेव्हा तालुके वाटले गेले, कचेऱ्या वाटल्या गेल्या. ‘तलावांचा जिल्हा’ हे बिरुद मात्र दोघांनीही सोडलं नाही. सोडण्याचं कारणही नव्हतं. साकोली, सडक अर्जुनी, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव असं निघालं की गावागणिक एक तलाव आणि त्याच्या आगेमागे दोन-चार बोड्या, म्हणजे छोटी तळी, लागतातच. त्याच सुमारास आम्ही काही जण या पट्ट्यात सायकलने हिंडायला लागलो. कंडक्टरशी हुज्जत घालून सायकल एसटीच्या टपावर चढवायची, साकोलीला उतरवायची, हँडल सरळ करायचं आणि निघायचं. नागभीडकडून यायचं असेल तर नॅरोगेजच्या छोट्या गाडीचा आधार होता. ती नागपूर-नागभीड गाडी २०१९मध्ये बंद झाली. रुंद रूळ येणं ही चांगलीच गोष्ट, पण सायकल चढवताना कुणीही हरकत न घेणारी गाडी पुन्हा मिळणं कठीण.

मागे वळून पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते. या मुलखात सायकलची वाट चांगली असणं-नसणं हे तिथलं पाणी कोण सांभाळतं त्यावर ठरत आलं आहे. डांबर नंतर आलं. आधी पाळ होती.

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या मंडळींनी इथे तलाव बांधले. जंगल तोडून गाव वसवायचं, उताराला आडवी मातीची पाळ घालायची आणि खाली धान पिकवायचं, असा तो क्रम. नवेगावबांधचा अवाढव्य तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. ज्या टेकड्यांच्या आधाराने तो अडवला त्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. पाळीत पाणी सोडायला तुडुम, जादा पाणी वाहून जायला सलंग. वरच्या तलावाची सलंग वाहिली की ते पाणी खालच्या तलावात येणार, त्याचं आणखी खालच्या. म्हणजे पाण्याच्या मागोमाग गेलं तर एका तलावावरून दुसऱ्यावर आपोआप पोचता येतं. आमच्या सुरुवातीच्या सगळ्या वाटा अशाच सापडल्या. तुडुमापर्यंत रोज कुणीतरी चालत जायचं, म्हणून पाळीवर हातभर रुंदीची घट्ट पायवाट असायची, आणि सायकलला तेवढी पुरते.

ही पायवाट मोडायला लागली होती ती मात्र आमच्या कितीतरी आधी. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि मालगुजारांकडचे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ म्हणून लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी विभागणी झाली. पूर्वी गावाला निस्ताराचा, म्हणजे तलाव वापरण्याचा, हक्क होता, त्याबरोबर पाळ बुजवण्या-सावरण्याची जबाबदारीही होती. नंतर पाणीपट्टीवरून वाद झाले आणि ‘तलाव सरकारचा तर दुरुस्तीही सरकारनेच करावी’ हे उत्तर गावोगाव तयार झालं. मला त्यात गावकऱ्यांचा दोष दिसत नाही. मालकी काढून घ्यायची आणि राबणं तेवढं मागायचं, हा व्यवहार कोण मान्य करील? पण परिणाम सायकलवरून स्पष्ट दिसायचा. सुरुवातीला ज्या पाळींवरून सरळ जाता यायचं, तिथे दहा वर्षांत बेशरम माजली. निळसर-जांभळ्या फुलांची ही झुडपं काठाकाठाने आत घुसली आणि पाळीवर तर सायकल खांद्यावर घेऊनही निभेना. मासे धरून परतणारा एखादा ढीवर लांबूनच हाक द्यायचा, “भाऊ, इकडून नोको जाऊ, पार फुटली आहे!” त्याचा सल्ला नकाशापेक्षा पक्का.

इथली माती मात्र आहे तशीच आहे, आणि तिचा हिशेब चुकवून चालत नाही. कन्हार काळी, चिकट; मोरांड मध्यम; सिहार हलकी, रेताड. सिहारात पाऊस पडून गेला तरी तासाभरात चाकं धावतात. कन्हारात शंभर पावलं गेलं की टायर आणि मडगार्डच्या मधे माती लिंपल्यासारखी बसते, मग ब्रेकच्या बेचक्यात, मग चाक फिरायचंच थांबतं. सायकल आडवी करून काडीने उकरायचं, चार पावलं ढकलायची, पुन्हा उकरायचं. काडी मोडते. म्हणून जाणते लोक मडगार्ड घरीच काढून ठेवतात आणि खिशात बांबूची चपटी कामटी बाळगतात. हजारो रुपयांच्या सायकलला जगवणारं हे हत्यार फुकट मिळतं.

पाळी अडल्या तसे आम्ही नहराकडे वळलो. गाढवी नदीवरचं गोठणगावजवळचं इटियाडोह धरण १९७० सालचं. त्याचं पाणी अर्जुनी मोरगावातून निघून पार देसाईगंज (वडसा)-आरमोरीपर्यंत जातं. नहर समपातळीची रेघ धरून, अगदी कळेल न कळेल अशा उताराने चालतो, त्यामुळे त्याच्या काठच्या मुरमाच्या तपासणी-रस्त्याला चढ म्हणून नाही. टेकडी आली की नहर वळसा घेतो, आपणही घ्यायचा. सडकेने अर्ध्या तासाचं गाव नहराकाठाने दीड तासाला येतं आणि त्याचं काही वाटत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाचे बांध, मधून वितरिकेचं गंजलेलं दार. सुरुवातीच्या वर्षांत नहरावरचा चौकीदारही सायकलनेच फिरायचा. काळी चोवीस इंची सायकल, दांड्याला फावडं बांधलेलं. कुठे भगदाड पडलंय, कुठे कुणी पाणी वळवलंय, हे त्याला ठाऊक असायचं. अशी माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागी फारसं कुणी दिसेना. मग मुरूम वाहून गेला, बाभळी वाढल्या, आणि बाभळीचा काटा जाड टायरातूनही ट्यूबपर्यंत पोचतो.

याच वाटेवर गोठणगाव-प्रतापगडच्या अंगाला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७०च्या दशकात वसलेली. धानाच्या बांधांपलीकडे एकदम रंगीत पताका दिसतात. पहिल्यांदा येणारा सायकलवाला थबकतोच. महाशिवरात्रीला प्रतापगडची जत्रा भरते, तेवढे दिवस मात्र हा रस्ता सायकलने टाळावा, इतकी गर्दी असते.

गोसीखुर्दचा नहर हा वेगळाच प्रकार. धरणाची पायाभरणी १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्याचे कालवे बांधकामातच होते. सिमेंटच्या अस्तराचा, खोल, उभ्या कडांचा नहर. काठचा रस्ता रुंद, सपाट, वेग देणारा. तरीही मला त्याचं प्रेम कधी वाटलं नाही. त्यात उतरून हात धुता येत नाहीत, म्हशी शिरत नाहीत आणि रानातून आलेल्या जनावराला तो ओलांडणं अवघड. कोरड्या नहराच्या तळाशी रानडुकरांची पिल्लं सैरावैरा धावताना पाहिली की पुलांची संख्या कुणी आणि कुठे बसून ठरवली असेल, असा प्रश्न पडतो.

जंगलाची वाट सगळ्यात जास्त बदलली. नवेगावला १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्याआधी नागझिऱ्याला अभयारण्य. २०१३मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ पिशवीत घालून येणारे सायकलवाले पूर्वी बरेच भेटत. तलावावरची बदकं आणि हिवाळ्यात उतरणारे हंस पुस्तकाच्या भरवशावर शोधत. चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. आता गाभ्यात सायकल चालत नाही, चालूही नये. २०१३मध्ये नागझिऱ्याचा जय हा वाघ शेतं, सडका, नाले ओलांडत उमरेड-करांडल्याला जाऊन राहिला आणि २०१६मध्ये बेपत्ता झाला. त्याच्या त्या स्थलांतराने सगळ्यांना समजलं की जंगल फाटकापाशी संपत नाही. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं भल्या पहाटे रानात असतात आणि वाघाशी गाठ पडून जीवही गेले आहेत. म्हणून ऊन वर आल्याशिवाय रानरस्त्याला लागायचं नाही, हा नियम. पिटेझरी किंवा बोदलकसाच्या बाजूने जाणारे गावरस्ते दुपारपर्यंत उरकावेत. बोदलकसा आणि चोरखमारा हे तिकडचे दोन्ही तलाव रानाला लागूनच आहेत. गोंदियाकडच्या परसवाड्याला सारस दिसले तर नशीब. उभ्या महाराष्ट्रात ते याच भागात उरले आहेत.

आणि सायकली? आमच्या वेळी सायकल म्हणजे ॲटलस नाहीतर हिरो. २०१५मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी आणि २०१७मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ (रॅम) ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून विदर्भात गिअरच्या सायकली वाढल्या. २०२०च्या जूनमध्ये, नेमकं जागतिक सायकल दिनी, ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम थांबलं आणि त्याच वर्षी टाळेबंदीमुळे शहरात महागड्या सायकलींना रांगा लागल्या. हौशी लोकांचे घोळके रविवारी येतात, महामार्गावरच्या धाब्यापर्यंत जातात आणि फोटो काढून परततात. नहरावर खरी वर्दळ असते ती शाळेत जाणाऱ्या मुलींची, मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवर. अर्जुनीच्या अलीकडे एकीने माझ्या सायकलीभोवती फेरी मारून विचारलं होतं, “काका, एवढ्या पैशाची गाडी अन् कॅरिअर नाही? दप्तर कुठं ठेवता?”

गेल्या काही वर्षांत पाळींवर पुन्हा हालचाल दिसते. एकीकडे गाळ काढायच्या योजनांत जेसीबी आले. त्यांनी तळं सगळीकडून सारखं खोल केलं आणि काढलेली माती पाळीवर ढिगाने टाकली. रस्ता रुंद झाला, पण पहिल्याच पावसात खचणारा. उथळ काठच गेला तर पाणवनस्पती कुठे उगवणार आणि मासे अंडी कुठे घालणार, हा ढिवरांचा सवाल रास्त आहे. दुसरीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी भागात ढिवरांच्या संस्थांबरोबर काम केलं: बेशरम मुळापासून उपटायची, देशी पाणवनस्पती लावायच्या, स्थानिक मासे परत आणायचे. अशा तलावांची पाळ लगेच ओळखता येते. जाळी वाळत घातलेली असतात, शिंगाड्याच्या वेली दिसतात, आणि मधोमध ती हातभर रुंदीची घट्ट वाट पुन्हा उमटलेली असते.

यंदा जायचं असेल तर धान कापून झाल्यावर, नोव्हेंबर उजाडल्यावर निघावं. नवेगावबांधला मुक्काम, दुसऱ्या दिवशी गोठणगाव, मग नहराकाठाने वडसा. गावोगावच्या मंडईच्या जत्रांचे दिवस असतात, रात्री झाडीपट्टीतलं नाटक लागलेलं असतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. तिसऱ्या दिवशी लवकर निघायचा बेत त्या हिशेबाने करावा. पाणी सुटलं असेल तर काही वितरिकांवरची फरशी बुडते, तेव्हा आधीच्या गावात विचारून घ्यावं. जाड टायर, दोन ट्यूब, पंप, सोल्युशन. कामटी वाटेत मिळेल.