संस्था कोणाची? चेअरमनची की सभासदांची?

शेतकऱ्यांची सहकारी संस्था बुडाली की दोष दुष्काळाला दिला जातो. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. आम्ही आधी नेतृत्व पाहतो.

गुजरातमधील खेडा जिल्हा घ्या. व्यापारी दुधाला कवडीमोल भाव देत, म्हणून १९४६ साली तेथे दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल गावोगाव फिरून सभासद जोडत. १९५० साली कारभार वर्गीज कुरियन यांच्या हाती आला. पटेलांनी त्यात ढवळाढवळ केली नाही. गावच्या डेअरीत दूध मोजून, फॅट तपासून पैसे मिळत. एका म्हशीच्या धन्यालाही एक मत, दहा म्हशीवाल्यालाही एकच. त्यातूनच 'अमूल' वाढले.

याउलट जेथे चेअरमनच मालक होतो, भाचे-जावई नोकरीला लागतात, कर्ज मर्जीतल्यांना मिळते, तेथे सभासद आपला माल खाजगी व्यापाऱ्याकडे नेतो. संस्थेचा कणा तेथेच मोडतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या महाराष्ट्रातही आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घेण्याचे कायद्याने बंधन आहे. त्या सभेला जेवणासाठी नव्हे, ताळेबंद विचारण्यासाठी जा. सभासद जागा असेल तरच चेअरमन सरळ चालतो.